लोण्यासारखी माती

त्याने टाच मातीत रोवली, जराशी फिरवली आणि पुढचं पाऊल टाकलं. कडेपासून आत, गोल गोल, मधोमध येईपर्यंत. मग पुन्हा कडेला. पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची तिरीप ओल्या मातीवर पडली होती आणि तिच्यात टाचांच्या खुणा ओळीने उमटत होत्या. बाजूला लोखंडी घमेलं ठेवलेलं होतं. पायाला खडा लागला की वाकून उचलायचा आणि न बघता घमेल्यात टाकायचा, ही या घरातली मातीइतकीच जुनी सवय. घमेलं सकाळपासून रिकामं होतं.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. कोपरापर्यंत चाकावरची माती, कपाळावर आठ्या.

"एकही नाही?"

"माती चांगली आलीय. लोण्यासारखी."

"मागच्या वेळीही लोण्यासारखीच होती, बाबा."

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. केस पांढरे झाले तरी कारखान्यात सगळे त्याला थोरला म्हणत. दोन भावंडांतला तो मोठा, म्हणून थोरला. लहानपणी चिकटलेलं नाव सुटायचं कशाला? कारखाना म्हणजे तरी काय, अंगण, दोन शेड, एक भट्टी आणि घरचीच माणसं. मुलगा चाकावर रांजण घडवायचा, बायको कडा घासून घ्यायची आणि थोरला माती तुडवायचा. बाकीचं कुणालाही शिकवता येतं, तुडवणं नाही, असं तो म्हणे, आणि ते खरंही होतं. मातीत राहिलेला चुनखडीचा बारकासा तुकडा भट्टीत तापला की अख्खा रांजण घेऊन फुटतो. चाळणीतून सुटलेला तो तुकडा फक्त तळव्याला कळतो.

"या भट्टीचं काय होतंय ते बघू," मुलगा म्हणाला. "आपले रांजण घेणाऱ्या रोपवाटिकेच्या बाईंनी सांगितलंय, आणखी एकदा थांबते म्हणून. हीही फुटली तर मी मळणीचं यंत्र आणणार. तुम्ही आरामात बसा."

तो गेला. आराम हा शब्द मात्र मागे राहिला, आणि थोरल्याला तो शिवीसारखा लागला.

तो पुन्हा तुडवू लागला. थोड्या वेळाने त्याला ते ऐकू आलं. आधी त्याचं स्वतःचं पाऊल, थप. आणि लगेच, श्वासाच्याही अंतराने नाही, मागून दुसरं. थप.

तो थांबला. दुसरं पाऊलही थांबलं.

वळून बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी बघितलं. मागे भिंत, भिंतीला टेकवलेलं फावडं आणि खिळ्याला टांगलेली आबांची जुनी टोपी. आबा म्हणजे त्याचे वडील. याच मातीत त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि याच शेडच्या दाराशी एका हिवाळ्यात ते कोसळले होते. पाय काळा पडला होता त्यांचा, घोट्यापर्यंत. मातीने पाय मागून घेतला असं लोक म्हणाले. साखर कुणी मोजली नाही. मोजायची असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या पावलाची चाल थोरल्याच्या ओळखीची होती. शेवटच्या वर्षात आबा असेच चालायचे. घरात कुठेही असलं तरी कळायचं, आबा अंगणातून येताहेत. थप, थप. गेला हिवाळा संपल्यापासून ती चाल त्याच्या मागे लागली होती. बायकोला त्याने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती हसली नसती, हीच भीती.

*

धाकटी बहीण कारखान्यात राहत नव्हती. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. दिवसभर लोकांच्या चुकांवर लाल खुणा करायची. घरात तिला लाडाने शाळा म्हणत, कारण या घरातून शाळेत शेवटपर्यंत गेलेली ती एकटीच. शाळेत पुढच्या वर्गांना बूट लागत, आणि घरात बुटांचा एकच जोड आला होता. थोरल्याचं शिक्षण दुसरीतच आटोपलं, कारण एकदा खेळता खेळता तो आबांच्या मातीत उतरला आणि खसखशीएवढा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. आबांनी तो खडा उन्हात धरून बघितला. "याचे तळवे शिकलेलेच आहेत," ते म्हणाले. "याला शाळा कशाला?" ते ऐकून थोरला इतका फुगला की बूट बहिणीला गेले याचं त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही. पुढेही कधी वाटलं नाही. निदान तो तसं म्हणत असे.

आबांनी दोघांना सारखी वाटून दिलेली गोष्ट एकच, ती म्हणजे साखर. दोघांच्याही रक्तात ती आगेमागेच सापडली. गोळ्याही थेट त्याच. महिन्याच्या ठरल्या दिवशी ती त्याला ओढत दवाखान्यात आणायची आणि दोघं एकाच बाकावर बसायची. तिच्या पायात मऊ बूट, मोजे. ती घरातही अनवाणी चालत नसे. रोज झोपण्यापूर्वी आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायची. थोरल्याला हे कळलं तेव्हा त्याला हसू आवरेना.

"लोक आरशात तोंड बघतात. तू पाय बघतेस."

"तोंडाला काय झालं तर लोक सांगतात. पायाचं कोण सांगणार?"

आजही बाकावर बसून ती गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचत होती. मुंगीएवढ्या अक्षरांचा, घड्या घातलेला, जो सगळे फेकून देतात. हिला छापलेलं काहीही सोडवत नसे. थोरला तो कागद विडीच्या पेटीत अस्तर म्हणून घालायचा.

"संध्याकाळची गोळी घेतोस ना?"

"घेतो."

"रोज?"

"घेतो म्हटलं ना. माझी काय प्रुफं तपासतेस?"

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. चूक आहे हे तिला दिसत होतं; लाल खूण नेमकी कुठे करावी ते कळत नव्हतं.

संध्याकाळची गोळी त्याने केव्हाच सोडली होती. त्यामागचा त्याचा हिशोब अगदी साधा होता. मागच्या हिवाळ्यात पायांची आग आग व्हायची. पांघरूण टेकलं तरी सोसायचं नाही, पाय गार फरशीवर ठेवून झोपायचा. मग हळूहळू आग कमी झाली. नंतर मुंग्या गेल्या. नंतर भेगांचं दुखणंही गेलं. इतकी वर्षं छळणारे पाय एकदम शहाणे झाले. दुखणं गेलं म्हणजे आजार गेला, आणि आजार गेल्यावर औषध घेत बसायला तो काही खुळा नव्हता.

त्याचा नंबर आला. डॉक्टरीण तरुण होती, टेबलावर कागदांचा ढीग, दाराबाहेर माणसांचा. तिने त्याच्या तपासणीचे आकडे बघून ओठ आवळले.

"साखर वाढलीय. गोळ्या चालू आहेत?"

"आहेत की."

"पायांना मुंग्या? आग?"

"व्हायची. आता अजिबात नाही. एकदम बरं वाटतंय."

तिने मान वर केली. "अजिबात नाही? बघू पाय. वर झोपा."

खाटेवर पांढरी स्वच्छ चादर होती. थोरल्याने आपल्या पायांकडे बघितलं. कितीही घासले तरी भेगांतली माती निघत नसे. ती तिथे रंगासारखी बसली होती. शाळेत दुसरीच्या वर्गात याच पायांनी त्याने सारवलेली जमीन घाण केली होती आणि बाकावर उभा राहिला होता. ते त्याला आत्ताच का आठवावं?

"पुढच्या वेळी धुऊन येतो, डॉक्टर. आज कामावरनं थेट आलो."

"त्याने काही बिघडत नाही हो. दाखवा ना."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी भोवळ येऊन पडलं. आरडाओरडा झाला, नर्स धावत आली आणि डॉक्टरीण तिच्याबरोबर गेली. परत आली तेव्हा खाट रिकामी होती. थोरला चपला घालून बाकावर येऊनही बसला होता, परीक्षेतून सुटलेल्या पोरासारखा हसत.

"पाय बघितले?" बहिणीने विचारलं.

"बघितले."

"काय म्हणाली?"

"पाय काय म्हणणार? चालताहेत."

*

भट्टी सकाळी पेटली. दिवस कलला तेव्हा तिच्या तोंडातला लाल उजेड अंगणात पडला होता. मुलगा लाकडं सारत होता. थोरला आणि त्याची बायको उलट्या टोपलीवर आणि पाटावर बसून ऐकत होती. भट्टी लागली की कुंभार बघत नाही, ऐकतो.

बराच वेळ काही नाही. लाकडाची तडतड, बस्स. थोरल्याचा श्वास जरा मोकळा झाला. चहा घेऊ या का, असं तो म्हणणार होता.

आतून आवाज आला. ठप्. जाड, कोंडलेला, दार ठोठावल्यासारखा.

मुलाने हातातलं लाकूड तसंच धरून ठेवलं. मग दुसरा. मग जरा वेळाने लागोपाठ दोन.

"मामंजी आलेत," बायको पुटपुटली. पदराचं टोक तिने तोंडाशी धरलं होतं. "अहो, तुम्ही काहीही म्हणा. त्यांच्या शेवटच्या वर्षी असंच झालं होतं. हेच आवाज. त्यांचंच काहीतरी राहिलंय."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

पण बोलताना त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. कारण तेच तर तो स्वतः महिनोन्महिने मनात म्हणत होता. आबाच मातीत खडे टाकताहेत. तो तुडवून बाहेर पडला की ते मागाहून येतात आणि स्वच्छ केलेल्या मातीत खडे पेरून जातात. आणि का पेरतात, हेही त्याला ठाऊक होतं.

त्या वर्षी अशीच भट्टी फुटली होती. एकदा, मग पुन्हा. थोरला तेव्हा ऐन तारुण्यात, चाकावर बसायचा. लाज वाटली होती त्याला, राग आला होता. फुटलेल्या रांजणाच्या खापरात बसलेला पांढरा खडा त्याने आबांच्या नाकासमोर धरला, कामाला आलेल्या माणसांच्या देखत.

"हा काय आहे? डोळे मिटून तुडवता का?"

आबा खड्याकडे बघत राहिले. ते रागावले असते, हात उचलला असता, तर बरं झालं असतं. ते गोंधळलेले दिसत होते.

"माती चांगली आली होती रे," ते म्हणाले. "लोण्यासारखी होती."

"खोटं बोलता."

त्यानंतर मातीबद्दल आबा कधीच काही बोलले नाहीत. हिवाळ्यात गेले.

भट्टीतून आणखी एक आवाज आला. थोरल्याने डोळे मिटून घेतले. "बस करा," तो म्हणाला, पण मुलाला वाटलं, ते लाकडांबद्दल म्हणताहेत, म्हणून त्याने लाकूड खाली ठेवलं.

*

भट्टी थंड होऊन उघडली त्या दिवशी बहिणीला सुट्टी होती, म्हणून ती आली. अंगणाच्या फाटकातच थबकली. खापरांचा ढीग पडला होता. मुलगा एकेक रांजण बाहेर काढत होता आणि बोटाच्या गाठीने वाजवून बघत होता. बद्द आवाज आला की ढिगात. खणखणीत आवाज फार थोड्यांचा येत होता. त्याची आई भिंतीशी बसून चांगले तेवढे पुसत होती, उगाच, पुन्हा पुन्हा.

मुलाने एक खापर उचललं आणि बापासमोर धरलं. मध्ये पांढरा खडा, भोवती फुललेली भेग.

थोरला त्या खापराकडे बघत राहिला. मुलगा काय बोलणार हे त्याला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं. आपण कसे उभे आहोत, चेहरा कसा झाला असेल, हेसुद्धा ठाऊक होतं. त्याने ते समोरून बघितलं होतं.

पण मुलगा त्याच्यापेक्षा चांगला निघाला. त्याने खापर खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "मी उद्या यंत्राचं बघून येतो."

"माती स्वच्छ होती," थोरला म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. तू मातीत उतरून बघ हवं तर. नवी भिजवलेली आहे ना? आत्ता तुडवतो. आत्ता, तुझ्या डोळ्यांदेखत!"

तो तरातरा निघाला. सरळ, अनवाणी, खापरांच्या ढिगावरून. पायाखाली खापरं कडाकडा मोडली. ते बघून बहिणीच्याच अंगावर काटा आला. तिने नकळत स्वतःचा पाय उचलून घेतला. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

ती शेडच्या दाराशी पोचली तेव्हा तो मातीत उतरला होता. वेगाने तुडवत होता, दातओठ खाऊन. घमेलं बाजूला. दाराच्या चौकटीला हात लावून ती नुसती बघत राहिली.

"काय बघतेस?"

"काही नाही. क्षणभर आबाच वाटलास."

त्याचा पाय हवेत थांबला. "तुलाही ऐकू येतात?"

"काय?"

"आबा." त्याने आवाज खाली आणला. "माझ्या मागून चालतात. मी थांबलो की थांबतात. शपथ. मला वाटलं, मला एकट्यालाच..."

बहीण हसली नाही. "चाल जरा," ती म्हणाली.

तो चालला. थप, थप.

"पुन्हा."

थप, थप.

"दादा, तुझ्या मागे कुणी नाही. तुझं पाऊल दोनदा वाजतंय. आधी टाच टेकते आणि मग पुढचा पाय आपोआप आपटतो. उचललेला राहतच नाही. बघ खाली." तिने बोट दाखवलं. "आबा शेवटी असेच चालायचे."

त्याने खाली बघितलं. टाच टेकली. मग पंजा पडला, हातातून सुटलेल्या वस्तूसारखा. तो पाय त्याचाच होता.

"बाहेर ये," ती म्हणाली. "मातीत तुझ्या डाव्या पावलाच्या खुणा लाल दिसताहेत."

तिने त्याला उंबऱ्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या आणला आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. तो ओढून घ्यायला लागला, "अगं, घाण आहे," तर तिने घोटा घट्ट धरला. माती धुतली गेली. टाचेच्या पुढे, तळव्याच्या मऊ भागात, खापराचा तुकडा रुतलेला होता. बाहेर दिसत होता तो नखाएवढा, आत केवढा कोण जाणे. त्याच्या शेजारी एक जुनी जखम होती, गोल, कडा पांढऱ्या पडलेली. तिला मातीनेच झाकलं होतं.

थोरला वाकून बघत होता. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा.

"दुखत नाही?" बहिणीने विचारलं.

"कुठे?"

तिने तुकडा चिमटीत धरला आणि ओढून काढला. रक्त आलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीही हललं नाही. तिचेच डोळे भरून आले.

"त्या कागदात लिहिलेलं असतं रे," ती म्हणाली. "आग होते, मग मुंग्या, मग काहीच नाही. काहीच नाही हे सगळ्यात वाईट असतं. मी पाठ केलंय ते. तू मला म्हणालास, पाय बरे झाले, आणि मी... मला माती काय कळते? तू लोण्यासारखी म्हणायचास, मला वाटायचं, असेल." तिने रुमाल काढून पाय बांधला. "ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखाना."

तो उठला नाही. तो घमेल्याकडे बघत होता.

"शाळा," तो म्हणाला. "बूट काढ."

"काय?"

"बूट काढ आणि मातीत उतर."

"वेड लागलंय का? मला अनवाणी चालायला मनाई आहे, माहीत आहे ना तुला? पायातून रक्त जातंय तुझ्या."

"हाताने कळत नाही. वजन पडावं लागतं. मी तुडवलंय आत्ता, चार फेरे. एकही खडा नव्हता." त्याने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, बूटसुद्धा नाहीत. "तू उतरल्याशिवाय मी इथून हलायचा नाही."

तिने बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत नीट ठेवले आणि साडी वर खोचून मातीत पाय टाकला. तिचे तळवे लहान मुलाच्या तळव्यांसारखे होते. माती गार होती. तिने खांदे आक्रसून घेतले. एक पाऊल. दुसरं.

"आई गं!"

ती एका पायावर उभी राहिली. वाकून बोटांनी चाचपलं आणि पांढरा खडा वर काढला. चांगला तुरीच्या दाण्याएवढा. काय करावं ते न कळून तिने तो त्याच्यासमोर धरला. त्याने घमेलं पुढे केलं.

टण्.

"पुढे," तो म्हणाला.

ती पुढे गेली. पुन्हा कळवळली, पुन्हा वाकली. टण्. मग आणखी. काही तेवढेच, काही मोहरीएवढे. प्रत्येक वेळी तिच्या तोंडून आवाज निघत होता आणि तो आवाज थोरला मान खाली घालून ऐकत होता, कान लावून, एकही सुटू नये असा.

तो आवाज अंगणातही गेला होता. फार दिवसांनी घमेलं वाजलेलं ऐकून मुलगा धावतच दाराशी आला. आत आत्या मातीत उभी, बाप उंबऱ्यावर बसलेला, पायाला रक्ताळलेला रुमाल. त्याने घमेल्यात बघितलं.

"बाबा, हे... तुम्ही तर म्हणालात, माती..."

"लोण्यासारखी होती," थोरला म्हणाला. "मला तशीच लागली. अजूनही तशीच लागते." त्याने घमेलं मुलाकडे सरकवलं. "तुझे आजोबा खोटं बोलत नव्हते रे."

मुलाला त्यातलं काही कळलं नाही. तो जन्मला तेव्हा आजोबा नव्हतेच. पण बहिणीला कळलं. ती त्या दिवशी अंगणातच होती, शाळेतून आलेली, पायात बूट. ती मातीत तशीच उभी राहिली, हातात पुढचा खडा धरून.

"माती चांगली आली होती," थोरला स्वतःशीच म्हणाला, "हेच म्हणाले होते. दुसरं काय म्हणणार? त्यांना ती चांगलीच लागत होती." आणि तो रडू लागला. माणसं बघताहेत, मुलगा बघतोय, याची त्याने फिकीर केली नाही.

*

चपलेत तो पाय जाईना. मुलाने आपले बूट आणून दिले, जुने, पुढून रुंद झालेले. बहीण गुडघ्यावर बसली आणि बांधलेला पाय हळूच आत सरकवून तिने नाडी सैल बांधली. थोरल्याच्या पायात बूट चढले ते आयुष्यात पहिल्यांदाच. तो उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. आत पाय आहे की नाही, हे नुसतं उभं राहून त्याला कळत नव्हतं.

"चावतो का रे?" बहिणीने विचारलं.

त्याच्या तोंडावर आलं होतं, छे, अगदी मऊ आहे. ते त्याने गिळलं.

"मला नाही कळत," तो म्हणाला. "तू बघून सांग."

तिने बोट घालून बघितलं, नाडी पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग आपले पाय धुऊन पुसले, तळवे उलटे करून उजेडात नीट बघितले आणि मोजे चढवले. बायकोने पाण्याची बाटली दिली. मुलगा रिक्षा बघायला पुढे पळाला.

दोघं अंगणातून निघाली. ती त्याचा दंड धरून चालत होती, खापरं चुकवत. फाटकाशी आल्यावर तिने दंड सोडला आणि कडी काढायला पुढे झाली. थोरला तेवढं अंतर एकटा चालला. बुटातही ते ऐकू येत होतं. थप, आणि लगेच मागून, थप.

आता ते काय आहे हे त्याला ठाऊक होतं. तरीही तो फाटकात थांबला, आणि मागून येणाऱ्या कुणाला वाट द्यावी तसा जरा बाजूला सरकला.

"चला, आबा," तो म्हणाला. "तुम्हीही दाखवून घ्या."